मापाचा कोट आणि हाती शिवलेले बूट: या चुका टाळा

नवा कोट अंगात घालून आरशासमोर उभा राहिलेला माणूस बहुधा आधी बाहीची लांबी पाहतो, मग पँट बुटावर कशी पडते ते पाहतो, आणि पायांत नवे बूट असतील तर त्यांच्या चकाकीवर खूश होतो. या तिन्ही गोष्टी नंतर सहज बदलता येतात. बाही थोड्या वेळात लहान होते, पँटची दुमड त्याहून लवकर वर-खाली करता येते आणि चकाकी तर घरच्या घरी आणता येते. कोटाचा खांदा, मुंढा (बाही जिथे जोडतात तो घेर) आणि पुढच्या-मागच्या भागांचा तोल, तसेच बुटाचा चवडा आणि टाचेची पकड, या गोष्टी मात्र एकदा बेतून शिवल्या गेल्या की त्यांवर फारसा इलाज राहत नाही. हौसेने शिवून घेतलेले कपडे आणि बूट वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते: जे नंतरही सुधारता आले असते त्याकडे बारकाईने पाहिले गेले, आणि जे सुधारता येणार नव्हते ते पाहायचे राहून गेले.

कपडे शिवून घेण्याची आपल्याला नवलाई नाही, आणि पहिली चूक तिथेच होते. तयार कपड्यांची चलती होण्यापूर्वी घरातल्या सगळ्या पुरुषांचे शर्ट-पँट शिंप्याकडेच शिवले जात. एकदा माप द्यायचे, तारीख लिहिलेली पावती खिशात घालायची आणि ठरल्या दिवशी तयार कपडा घेऊन यायचे, हीच रीत अंगवळणी पडलेली असल्यामुळे कोटही तसाच मिळेल असे आपण गृहीत धरतो. शर्टाच्या बाबतीत हे चालून जाते, कारण शर्ट हा एकाच कापडाचा सैलसर कपडा असतो. कोट तसा नसतो. त्याच्या वरच्या कापडाखाली छातीपाशी कॅनव्हास असतो, घोड्याच्या केसांची ताठ वीण असते, खांद्याला पातळ पॅड असते आणि त्याखाली अस्तर असते. हे सगळे थर माणसाच्या अंगावर, तो जसा उभा राहतो तसे, बसवावे लागतात. टेपने छाती आणि कंबर मोजता येते. माणूस किंचित पोक काढून उभा राहतो की ताठ राहतो, त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे की नाही, हे टेपवर उमटत नाही.

लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत, जिथे हेन्री पूल यांची पेढी १८४६ साली आली, तिथल्या कारागिरांचे सारे कसब या न मोजता येणाऱ्या भागासाठी आहे. तिथे ग्राहकाच्या नावाचा स्वतंत्र कागदी नमुना कापला जातो, त्यावरून कापड बेतले जाते आणि अंगावर घालून पाहण्याच्या ट्रायली होतात. अशा कामाला 'बिस्पोक' म्हणतात. २००४ साली स्थापन झालेल्या तिथल्या बिस्पोक संघटनेच्या नियमांनुसार दोन कपड्यांच्या सुटामागे किमान ५० तासांचे हातकाम अपेक्षित आहे. याउलट आधीच ठरलेल्या नमुन्यात ग्राहकाच्या मापानुसार फेरफार करून कारखान्यात शिवलेला सूट 'मेड-टू-मेझर' ठरतो. २००८ साली ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने यंत्रावर शिवलेल्या सुटालाही 'बिस्पोक' म्हणण्यास मोकळीक दिली, आणि तेव्हापासून या शब्दावर विसंबण्यात अर्थ उरलेला नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत तर तो शब्द शर्टाच्या बटणांनाही लावलेला दिसतो. म्हणून शब्द न विचारता काम विचारावे: माझा स्वतंत्र नमुना कापणार का, कॅनव्हास टाक्यांनी बसवणार की डिंकाने चिकटवणार, आणि कच्च्या ट्रायली किती होणार. मेड-टू-मेझर घेण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र त्यासाठी बिस्पोकचे पैसे मोजू नयेत.

कच्ची ट्रायल टाळणे किंवा घाईत उरकणे

कच्च्या ट्रायलीला कोट पाहण्यासारखा नसतो. अंगभर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब धावदोरे, खिसे नाहीत, कॉलरच्या जागी नुसता कॅनव्हासचा तुकडा, आणि कधी कधी एकच बाही, तीही टाचणीने लटकवलेली. तो पाहून अनेकांना वाटते की हे दाखवायला कशाला बोलावले, तयार झाल्यावरच येतो. वस्तुतः कोट सुधारण्याची सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीची वेळ हीच असते, कारण या टप्प्यावर प्रत्येक शिवण उसवता येते आणि आत भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, शिल्लक असते. पुढच्या टप्प्यात खिसे कापले गेले की पुढचा भाग वर-खाली सरकवता येत नाही, कारण खिसाही त्याच्याबरोबर सरकतो.

लग्नसराईत ही चूक हटकून होते. मुहूर्त डिसेंबरचा आणि कापड नोव्हेंबरच्या मध्यात टाकायचे, मग टेलरने कच्ची ट्रायल गाळली म्हणून त्याच्यावर रागवायचे, हे न्याय्य नाही. निदान दोन ट्रायली आणि त्यांच्यामध्ये कामाला पुरेसे दिवस हवे असतील तर आठ ते दहा आठवडे आधी कापड द्यावे, आणि पहिलाच कोट त्या कारागिराकडे शिवत असाल तर त्याहूनही आधी.

ट्रायलीला जाताना कोटाखाली जो शर्ट घालायचा तोच घालावा, पँटसाठी जे बूट वापरायचे तेच घालून जावे. चपला घालून पँटची लांबी ठरवलेल्या माणसाला पुढे बुटांवर ती आखूड दिसते आणि दोष शिंप्याला मिळतो. खिशात रोज पाकीट, मोबाइल आणि किल्ल्या बाळगत असाल तर ट्रायलीलाही त्या असू द्याव्यात, नाहीतर त्यांच्यासाठी जागा कोणी सोडणार नाही.

या सगळ्यांपेक्षा मोठी चूक म्हणजे ट्रायलीला खोटे उभे राहणे. ती मी स्वतः केलेली आहे. पहिल्या कोटाच्या ट्रायलीला आरसा समोर येताच मी परेडमधल्यासारखी छाती पुढे काढून आणि पोट आत ओढून उभा राहिलो. टेलरने दोनदा सांगितले, "साहेब, जरा सैल उभे राहा." मला वाटले की मी सैलच उभा आहे. कोट तयार होऊन घरी आला, मी नेहमीसारखा उभा राहिलो आणि मागे कॉलर मानेपासून चांगली बोटभर सुटली. कारण सरळ होते. ताठ माणसासाठी बेतताना पुढची लांबी वाढवतात आणि पाठीची कमी करतात. मी पोक काढताच पाठीला कापड अपुरे पडले आणि ते कॉलरला खाली व मागे ओढू लागले. पाठीची लांबी वाढवायला वर माया नव्हती. तो कोट मी चार वर्षे, छायाचित्र काढण्याची वेळ येईल तेव्हा तेव्हा छाती काढून, वापरला.

सुरकुत्या वाचता न येणे

कोटावर पडणारी प्रत्येक सुरकुती कुठून तरी निघते आणि कुठे तरी जाते, आणि तिचा उगम सापडला की बिघाडही सापडतो. उभे राहिल्यावर हात सैल सोडावेत आणि बाजूने व मागून मोबाइलवर छायाचित्रे काढून घ्यावीत, कारण मान वळवून पाठ पाहू गेले की पाठच बदलते.

कॉलरच्या लगेच खाली पाठीवर आडवी वळकटी दिसत असेल तर बहुधा खांदे नमुन्यापेक्षा चौकोनी आहेत. खांद्याची टोके कापडाला वर उचलतात आणि उचललेले कापड मानेपाशी साठते. यावर कॉलर काढून मानेची रेषा थोडी खाली घ्यावी लागते. कच्च्या ट्रायलीत हे थोडक्यात उरकते आणि तयार कोटात ते महागडे काम होते. याच्या उलट, मानेच्या बुडापासून काखेकडे तिरप्या रेषा जात असतील तर खांदे उतरते आहेत. बहुतेक माणसांचा एक खांदा दुसऱ्याहून खाली असतो, त्यामुळे या तिरप्या रेषा पुष्कळदा एकाच बाजूला दिसतात. तिथे दोन्ही खांद्यांना जाड पॅड घालून प्रश्न झाकण्यापेक्षा खालच्या खांद्याला पातळसा जादा थर द्यावा, किंवा त्या बाजूचे कापड तेवढे उतरवून घ्यावे.

कंबरेचे बटण लावल्यावर त्याभोवती फुलीच्या आकाराच्या रेषा उमटल्या तर कंबर आवळलेली आहे, हे बहुतेकांना माहीत असते. हा दोष त्यातल्या त्यात सौम्य, कारण बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीत माया असेल तर कंबर सैल करता येते. तरीही ग्राहकांची सर्वाधिक चर्चा कंबरेवरच चालते, हे मला कायम नवल वाटत आले आहे.

बाहीची गोष्ट वेगळी आहे. हात सैल सोडला की तो सरळ खाली लोंबत नाही, थोडा पुढे झुकतो, आणि प्रत्येकाचा झुकाव निराळा असतो. बाही त्या झुकावाने लावली नसेल तर तिच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला तिरप्या घड्या पडतात आणि कितीही इस्त्री केली तरी त्या जात नाहीत. उपाय एकच: बाही मुंढ्यातून काढायची, थोडी फिरवायची आणि पुन्हा लावायची. चौकटीच्या कापडात असे फिरवल्याने बाहीच्या आणि अंगाच्या रेषा जुळेनाशा होतात, म्हणून चौकटीचा कोट शिवताना हे कच्च्या ट्रायलीतच ठरले पाहिजे.

मुंढ्याबाबत तर सरळ उलटा समज आहे. हात मोकळा हलावा म्हणून ग्राहक मुंढा खोल आणि मोठा मागतो. खोल मुंढ्याच्या कोटात हात वर केला की काखेखालचे सगळे कापड हाताबरोबर वर येते, कोटाचा घेर उचलला जातो आणि कॉलर मान सोडते. मुंढा काखेच्या जवळ, उंच असला तर हात बाहीत फिरतो आणि कोट जागेवर राहतो. पहिल्या दिवशी तो काखेत जाणवतो, दुसऱ्या दिवसापासून जाणवत नाही. खोल कापलेला मुंढा पुन्हा वर नेता येत नाही, कारण कापून टाकलेले कापड कोणी परत आणू शकत नाही. उंच मुंढा मात्र केव्हाही थोडा खाली उतरवता येतो. म्हणून शंका असेल तेव्हा उंच मुंढ्याच्या बाजूने निर्णय द्यावा.

एवढे वाचून कोणी टेलरला जाऊन "इथे अर्धा इंच घ्या, तिथे पाव इंच सोडा" असे सांगू लागला, तर ती आणखी एक चूक होईल. इलाज कारागिराने ठरवायचा असतो. आपण "हात पुढे केला की पाठीला ओढ बसते" किंवा "डाव्या खांद्यावर झोळ दिसतो" एवढेच सांगावे.

कापड आकड्यावरून निवडणे

दुकानात कापड दाखवताना 'सुपर १५०' असा आकडा अभिमानाने सांगितला जातो आणि आपण तो दर्जाचा आकडा समजतो. तो केवळ लोकरीच्या तंतूच्या जाडीचा आहे: 'सुपर १००' म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), आणि 'सुपर १५०' म्हणजे १६.२५ मायक्रॉन. तंतू जितका बारीक तितके कापड मऊ आणि झुळझुळीत हे खरे, पण तितकेच ते लवकर चुरगळते आणि पँटच्या बैठकीपाशी लवकर झिजते. आठवड्यातून दोनदा कचेरीत घालायच्या सुटाला 'सुपर १००' ते 'सुपर ११०' पुरेसा आहे.

आपल्या हवेसाठी हलके कापड घ्यावे हेही अर्धसत्य आहे. मीटरला २२० ते २५० ग्रॅम वजनाचे घट्ट विणीचे गुळगुळीत कापड हाताला हलके लागते, परंतु त्यातून वारा जात नाही आणि घामाने ते अंगाला चिकटते. सुताला अधिक पीळ दिलेले, साध्या मोकळ्या विणीचे २८० ते ३१० ग्रॅमचे कापड तुलनेने जड असूनही मुंबईत अधिक सुसह्य ठरते, कारण विणीतून हवा खेळते आणि पिळामुळे सुरकुती आपोआप सुटते. उजेडासमोर धरून पाहावे. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर वाराही येईल. त्यासोबत पाठीला अर्धेच अस्तर मागावे, आणि अर्धे अस्तर म्हणजे कमी पैसे असा हिशेब करू नये, कारण उघड्या राहिलेल्या शिवणी आतून नीट बांधून घ्याव्या लागतात.

दीड मीटर पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या माणसाचा कोट-पँट सुमारे सव्वातीन मीटरमध्ये बसतो. बारीक हिशेबाने तेवढेच कापड घेणाऱ्याला दोन गोष्टींचा पुढे पश्चात्ताप होतो. एक, माया सोडायला कापड राहत नाही. दुसरे, पँट कोटाच्या कितीतरी आधी झिजते आणि दोन-तीन वर्षांनी त्याच रंगाच्या कापडाचा तागा मिळत नाही. कोटाबरोबरच दुसरी पँट शिवून ठेवावी. कापड, तसेच आतला सुती कॅनव्हास, बेतण्यापूर्वी पाणी किंवा वाफ देऊन आकसवून घेतले आहे का, हेही विचारावे. न आकसलेला कॅनव्हास पहिल्या ड्रायक्लीनिंगनंतर आकसतो, वरचे कापड तसेच राहते आणि लॅपलवर, म्हणजे छातीवर उलटणाऱ्या कॉलरच्या पट्टीवर, बारीक चुण्या पडतात.

चिकटवलेल्या कोटाचे फुगे

कॅनव्हासऐवजी उष्णतेने चिकटवलेले फ्युजिंग असेल तर काही वर्षांनी छातीवर आणि लॅपलवर छोटे छोटे फुगे येऊ शकतात. ड्रायक्लीनिंगची रसायने, गरम इस्त्री आणि दमट हवा यांनी चिकटपणा सुटतो. एकदा फुगे आले की ते कायमचे जात नाहीत. वाफेने बसवलेला फुगा पुन्हा वर येतो. घेण्यापूर्वी तपासायचे तर सगळ्यांत खालच्या काजाच्या खालचे कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून अलगद ओढावे. वरचे कापड आणि आतली पट्टी यांच्यामध्ये तिसरा मोकळा थर बोटांना लागला तर तो कॅनव्हास. दोनच थर लागले आणि वरचा थर पुठ्ठ्यासारखा भासला, तर फ्युजिंग.

लॅपल इस्त्रीने सपाट दाबणे ही घरातली चूक. चांगल्या कोटाचा लॅपल घडीवर मोडत नाही, तो वळतो, आणि ते वळण आतल्या कॅनव्हासला हाताने घातलेल्या शेकडो बारीक टाक्यांनी आलेले असते. त्यावर इस्त्रीचे वजन टाकू नये. दर वेळी ड्रायक्लीनिंगलाही देऊ नये. ब्रशने धूळ झटकावी, रुंद खांद्याच्या हँगरवर एक रात्र वाऱ्याला टांगावा आणि डाग पडला तरच बाहेर द्यावा.

बाकी किरकोळ. कोटाच्या मागच्या चिरेवर घातलेली दोऱ्याची फुली वापरण्यापूर्वी कापून टाकायची असते. बाहीची काजे मात्र बाहीची लांबी पक्की ठरेपर्यंत कापू देऊ नयेत, कारण त्यानंतर बाही मनगटाकडून कमी-जास्त करता येत नाही.

बूट: लांबी बरोबर, माप चूक

बुटांमध्ये खांद्याची जागा चवडा घेतो. पाय चवड्यापाशी सर्वांत रुंद असतो आणि तिथेच वाकतो. बूटही फर्म्याच्या, म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर तो बनतो त्याच्या, सर्वांत रुंद जागी वाकतो. या दोन जागा एकमेकींवर आल्या पाहिजेत. त्या आल्या नाहीत तर बूट भलत्याच ठिकाणी मोडतो, घडी बोटांच्या मुळांवर दाबते आणि प्रत्येक पावलाला टाच उचलली जाते. म्हणून अमेरिकेत १९२० च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी बनवलेल्या मापनपट्टीवर बोटांपर्यंतची आणि टाचेपासून चवड्यापर्यंतची अशी दोन मापे घेतात, आणि दोन्हींपैकी मोठे माप धरतात. आपल्याकडे बहुतेक दुकानांत पहिलेच माप घेतले जाते.

आयुष्यभर चपला वापरलेल्या पायांचा पंजा पुष्कळदा पसरट असतो. असा पाय अरुंद बुटात आवळला की दुकानदार एक नंबर मोठा बूट पुढे करतो आणि आपण तो घेतो. इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. रुंदीचा प्रश्न असताना आपण एवढी लांबी विकत घेतो आणि चवडा पुढे सरकवतो. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन शहरात, जिथे चर्च्स ही पेढी १८७३ पासून आणि क्रॉकेट अँड जोन्स १८७९ पासून बूट बनवत आहेत, एकाच नंबरात वेगवेगळ्या रुंदीचे बूट मिळतात आणि रुंदी अक्षराने दाखवतात. तिकडे राहणाऱ्या किंवा कामानिमित्त जाणाऱ्या मराठी मंडळींनी नंबर सांगण्यापूर्वी फर्मा विचारावा, कारण एकाच पेढीच्या दोन फर्म्यांत आठ नंबर सारखा बसत नाही. अमेरिकेतला नऊ हा इंग्लंडचा साधारण आठ, हेही ध्यानात ठेवावे.

माप संध्याकाळी, दोन्ही पायांचे, उभे राहून आणि जाड-पातळ ज्या मोज्यात बूट वापरायचा तो मोजा घालून द्यावे; दिवसभरात पाय फुगतो आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो. नवा ऑक्सफर्ड बूट (ज्याच्या नाडीच्या पाळ्या पुढच्या कातड्याखाली शिवलेल्या असतात) बांधल्यावर नाडीच्या दोन पाळ्यांमध्ये पाऊण ते एक सेंटिमीटर फट राहिली पाहिजे. पहिल्याच दिवशी पाळ्या पूर्ण मिटल्या तर बूट ढिला आहे, आणि तळाखालचे बुचाचे भरण पायाच्या वजनाने दबल्यावर तो आणखी ढिला होणार. उलट नव्या बुटात टाच किंचित उचलली जाते म्हणून घाबरून परत करण्याचे कारण नाही. चामड्याचा नवा तळ ताठ असतो. तो वाकू लागला की टाच बसते. चामडे रुंदीला थोडे सैल होते, लांबीला मुळीच होत नाही. बोट टोकाला टेकत असेल तर ते कायमच टेकणार.

वेल्टच्या नावाखाली

हाती शिवलेल्या बुटात आतल्या जाड चामडी तळव्यालाच कोरून एक कड उभी केलेली असते. कारागीर आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने ती कड, वरचे कातडे आणि वेल्ट नावाची चामड्याची पट्टी एकत्र शिवतो, आणि मग बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवला जातो. गुडइयर पद्धतीत हेच काम यंत्र करते आणि कोरलेल्या कडेऐवजी तळव्यावर चिकटवलेली कापडी कड असते. हे नाव एका टायर कंपनीशी जोडले जाते, पण वेल्टचे यंत्र प्रसिद्ध केले ते रबराचे संशोधक चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाने, आणि त्या टायर कंपनीने पुढे १८९८ साली नुसते नाव घेतले. दोन्ही पद्धतींत तळ पुन्हा पुन्हा बदलता येतो. फसगत होते ती नकली वेल्टमध्ये: चिकटवलेल्या तळाच्या कडेला टाक्यांची शोभेची पट्टी लावलेली असते. ओळखायचे असेल तर बाहेरचा तळ उलटून पाहावा. तिथे टाके दिसले तर त्यांचे अंतर पट्टीवरच्या टाक्यांशी जुळते का ते पाहावे. टाके चामड्याच्या खाचेत लपवलेले असतील तर त्या खाचेची बारीक रेष कडेने फिरलेली दिसते. यापैकी काहीच नसेल तर तळ केवळ चिकटवलेला आहे. बुटाच्या आत तळव्यावर टाक्यांची ओळ दिसली तर ती ब्लेक शिलाई. ती वाईट नाही, पण तिच्यातून पाणी लवकर वर येते.

पावसाळ्यातील हानी

कोल्हापुरी चपला वापरणारे जुने लोक जूनमध्ये त्या पुसून, तेल लावून आत ठेवत असत. तोच शहाणपणा चामड्याच्या तळाच्या बुटांना लागू आहे, कारण त्यांचा तळही कोल्हापुरीसारखाच झाडांच्या सालींत कमावलेल्या कातड्याचा असतो आणि भिजला की स्पंजासारखा मऊ होतो. ओल्या तळावर चालल्याने कोरड्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त झीज होते. पावसात बाहेर पडायचे तर रबरी तळाचे बूट वेगळे ठेवावेत.

बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचा सैल बोळा घालावा, दोन तासांनी तो बदलावा आणि बूट कुशीवर आडवे ठेवावेत, म्हणजे तळाला दोन्हीकडून वारा लागेल. गॅसच्या शेगडीजवळ, हेअर ड्रायरखाली किंवा उन्हात वाळवलेले कातडे आतले तेल गमावून तडकते, आणि तडकलेले कातडे कोणतेही क्रीम जोडू शकत नाही. पूर्ण सुकल्यावरच लाकडी शू-ट्री, म्हणजे बुटाचा आकार राखणारा साचा, घालावा. एकच जोड रोज वापरू नये. घामाचा ओलावा सुटायला निदान एक दिवस लागतो.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटांवर ऑगस्टपर्यंत हिरवट-पांढरी बुरशी येते. कापडी पिशवी वापरावी आणि पंधरवड्यातून एकदा बूट बाहेर काढून वाऱ्याला ठेवावेत. बुरशी दिसल्यास ती घरात न झटकता बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी. लोकरी कोटाला याच दिवसांत कसर लागते. न झटकलेल्या, खाण्याचे डाग राहिलेल्या कपड्यावर ती आधी येते, म्हणून पावसाळ्यापूर्वी कोट स्वच्छ करूनच ठेवावा.

पॉलिशचा अतिरेक

आरशासारखी चकाकी फक्त टोकाला आणि टाचेच्या कडक भागाला आणावी. जिथे बूट वाकतो तिथे मेणाचे थर चढवले की ते तडकून पांढऱ्या रेषा दिसू लागतात. कातड्याला रोजच्या वापरात क्रीम लागते, मेण कमी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी जुने थर पुसून काढावे लागतात. झटपट चमक देणाऱ्या स्पंजमध्ये बहुधा सिलिकॉन असते. त्याने कातड्यावर पापुद्रा बसतो आणि पुढे क्रीम आत जात नाही.

तळ बदलण्यास उशीर

टाचेचा रबरी थर झिजून खालचे चामड्याचे थर घासू लागण्याआधी बदलावा. बाहेरचा तळ मधोमध अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागला की त्याचीही वेळ झाली. भोक पडेपर्यंत थांबले तर आतले बूच आणि तळवा खराब होतो. दुरुस्तीला देताना तळ वेल्टला शिवणार की खिळे ठोकून चिकटवणार हे आधी विचारावे, कारण खिळ्यांनी फाटलेल्या वेल्टवर पुढचा तळ नीट शिवता येत नाही. दोन-तीन तळ झाल्यावर वेल्ट टाक्यांच्या भोकांनी कमजोर होते आणि ती पट्टीही बदलावी लागते. त्यासाठी बूट फर्म्यावर चढवावा लागतो, आणि तो त्याच फर्म्यावर चढला पाहिजे. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर जॉन लॉब यांच्या दुकानात हजारो ग्राहकांचे लाकडी फर्मे याचसाठी नावानिशी जपून ठेवलेले असतात. तयार बूट घेणाऱ्याने तो बनवणाऱ्या कारखान्यातच दुरुस्तीला पाठवावा. जवळचा म्हणून भलत्याच फर्म्यावर ताणलेला बूट तळावर आठ नंबर मिरवत परत येतो आणि पायात साडेसात होऊन बसतो.